बिट काळं पडतं, प्रिंट उखडते: कोणतं सोल्डरिंग मशीन घेऊ?

पत्र:

काका, नमस्कार. मी सांगोल्याजवळच्या एका गावातून लिहितेय. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला. आईच्या पिठाच्या गिरणीला लागून एक खोली आहे. तिथं चार महिन्यांपासून रिपेरिंगची कामं घेते: एलईडी बल्ब, इंडक्शन, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, फवारणी पंपांचे चार्जर. मामांचं जुनं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरते. आठ दिवसांत बिट (आयर्नचं टोक) काळं पडतं आणि सोल्डर धरत नाही. परवा तर एका गिऱ्हाइकाच्या इंडक्शनच्या बोर्डाची प्रिंटच, म्हणजे तांब्याची पट्टीच, उखडली. हाताशी ९,००० रुपये आहेत. मामा म्हणतात, याच आयर्नवर मी शेकडो टीव्ही चालू केले, हात बसला पाहिजे. दुकानदार म्हणतो, हॉट एअर (गरम हवेच्या झोतानं सोल्डर वितळवणारं) आणि आयर्न एकत्र असलेलं मशीन घे. त्याच्याकडे ५०० रुपये देऊन ठेवलेत. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, घ्यायचं तर जपानी घे, नाहीतर थांब. मी काय करू?

उत्तर:

तू मला काका म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करतो.

आधी त्या उखडलेल्या प्रिंटबद्दल. ती तुझ्या हातून उखडली हे तू सरळ लिहिलंस, याचं मला फार बरं वाटलं. माझ्या दुकानाच्या पहिल्या वर्षी मीही एका माणसाच्या स्टिरिओची तीन पॅडं, म्हणजे पार्टचे पाय जोडायचे तांब्याचे ठिपके, जाळली होती. रात्री बारा वाजता तारा जोडून तो चालू केला आणि त्याला काहीच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी एक तार सुटली आणि तो माणूस परत आला. तेव्हा त्याच्या नजरेला नजर देताना जे वाटलं, ते अजून विसरलो नाही. त्या गिऱ्हाइकाला तू काय केलंस ते सांगून टाक, आणि पॅडच्या जागी पातळ तार घालून जोड पक्का कर.

आता मला सांग, ती प्रिंट उखडली तेव्हा गिरणी बंद होती का? संध्याकाळ होती का? पत्रात तू वेळ लिहिलेली नाहीस, पण माझा अंदाज तोच आहे. कारण सांगतो.

मामांच्या आयर्नमध्ये तापमान सांभाळणारं काहीच नाही. आत नायक्रोमची तार आहे. २३० व्होल्टला २५ वॉट म्हणजे तिचा रोध साधारण २,१०० ओहम. मीटर लावून बघ, जवळपास तेवढाच येईल. या तारेत तयार होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दुपारी गिरणीची मोटर चालू आहे, शिवारात कृषिपंप चालू आहेत आणि तुझ्या सॉकेटवर १८० व्होल्ट येताहेत असं धर. मग २५ वॉटचं आयर्न १५ वॉटचं होतं. सोल्डर नीट वितळत नाही, म्हणून तू बिट पॅडवर दाबून धरतेस. रात्री पंप-गिरणी थांबली आणि व्होल्टेज २५० वर गेलं, की तेच आयर्न साडेएकोणतीस वॉटचं होतं. स्टँडवर रिकामं राहिलं तर बिट ४०० अंशांकडे सरकतं. दुपारची दाबून धरायची सवय रात्रीच्या तापलेल्या बिटाला लागली, की तांब्याचा पापुद्रा बोर्डाला धरून ठेवणारा डिंक सुटतो. तुझा हात वाईट नाही. एकच अवजार दिवसभरात दोन वेगळ्या अवजारांसारखं वागतंय, आणि तुला ते दिसायला काही मार्ग नाही.

बिट काळं पडण्याचं मूळही इथंच आहे. सतत जास्त तापलेल्या टोकावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि त्या थराला सोल्डर चिकटत नाही.

मामा चुकीचं बोलत नाहीत. त्यांच्या काळातले बहुतेक टीव्ही-रेडिओंचे बोर्ड एका बाजूच्या प्रिंटचे, पार्टचे पाय भोकातून आलेले, आणि सोल्डर कथील-शिशाचं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असं मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. त्या कामाला २५ वॉट पुरायचे. पुढं युरोपात १ जुलै २००६ पासून अशा उपकरणांतल्या शिशावर बंधन आलं, आणि आपल्याकडे ई-कचरा नियमांनी २०१४ पासून. आता कारखान्यातून येणाऱ्या बोर्डांवर बहुतेक वेळा बिनशिशाचं सोल्डर असतं. कथील-चांदी-तांब्याचं नेहमीचं मिश्रण २१७ अंशांच्या पुढं वितळतं, आणि स्वस्तातलं कथील-तांब्याचं २२७ ला. त्यात बोर्ड दुपदरी झाले. भोकाच्या आतूनही तांबं आहे, आणि ग्राउंडचा मोठा पत्रा उष्णता ओढून घेतो. मामांच्या हाताला तोड नसेल, तरी बोर्ड बदलला आहे.

आता ज्यावर तुझे पैसे खर्च व्हायला हवेत ते नीट समजून घे. तापमान ही एक गोष्ट आणि उष्णता पोचवण्याची ताकद ही दुसरी. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर भाकरी टाकून बघ. तवा आधी कितीही कडक तापलेला असो, पहिली भाकरी टाकली की तो गार पडतो, आणि भाकरी वरून करपते, आतून कच्ची राहते. जाड लोखंडी तवा मध्यम आचेवरही भाकरी नीट शेकतो, कारण त्याच्यात उष्णता साठलेली असते आणि चूल ती भरून काढत असते. बिटाचं तसंच आहे. आपल्याला ४५० अंशांचं सुईसारखं टोक नको. ३२० ते ३५० अंशांवर राहणारं, पॅडला सपाट टेकणारं, आणि उष्णता निघून गेली की लगेच भरून काढणारं टोक हवं. जोड दोन-तीन सेकंदांत झाला पाहिजे. पाच सेकंद लागत असतील तर आकडा वाढवण्याआधी बिट मोठं लाव.

म्हणून तुला हवं ते तापमान सांभाळणारं सोल्डरिंग स्टेशन. बाजारात तुझ्या आवाक्यातल्या दोन जाती दिसतील.

पहिली जात ९३६ नावानं ओळखली जाते. हाक्को ही ओसाकाची कंपनी, १९५२ पासूनची. तिचं ९३६ हे स्टेशन जगभर इतकं चाललं की त्याच्या नकला आजही ढिगानं निघतात. यात सिरॅमिकचा हीटर असतो, त्यावर पोकळ बिट टोपीसारखं बसतं, आणि तापमान मोजणारा सेन्सर हीटरमध्ये असतो. हीटर आणि बिट यांच्यात हवेची फट राहते. त्यामुळे पडद्यावर ३५० दिसत असलं तरी टोकाला, विशेषतः काम चालू असताना, तेवढं नसतं. जमेची बाजू म्हणजे याची बिटं जवळजवळ सगळीकडे मिळतात, अगदी स्वस्तात. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर कोणीही डोळे झाकून काढून देईल.

दुसरी जात टी१२ बिटांची. बिट, हीटर आणि सेन्सर एकाच नळीत टोकाजवळ बसवलेले असतात. फट नाही, म्हणून उष्णता पटकन टोकाला पोचते, आणि टोक गार पडलं की सेन्सरला लगेच कळतं. पंधरा-वीस सेकंदांत तापतं. ही बिटंही मुळात हाक्कोचीच, पण त्यावर चालणारी स्टेशनं आता अनेक जण बनवतात, आणि ती तुझ्या पैशात बसतात. मी तुला हीच घ्यायला सांगेन.

तुझ्या गावासाठी यात एक मोठा फायदा आहे. टी१२ बिटाचा रोध ८ ओहमच्या आसपास असतो आणि ते २४ व्होल्टवर चालतं. २४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ७२ वॉट. स्टेशनच्या आतला सप्लाय एसएमपीएस (येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी ठरावीक डीसी देणारा) असेल आणि त्याच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल, तर गिरणी चालू झाली काय नि बंद झाली काय, बिटाला त्याची खबरही लागत नाही. डीसीवर चालणारी छोटी हातातली आयर्न असतात, त्यांचंही गणित हेच. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरवर ४५ वॉट मिळतात. लाइट गेली आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावलं तर १८ वॉट, म्हणजे एखादी तार जोडण्यापुरतं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की पुन्हा पूर्ण ताकद. आठ-आठ तास लोडशेडिंग पाहिलेल्या माणसाला याची किंमत कळते.

मावसभावाचं म्हणणं खरं आहे, अस्सल जपानी यंत्र वर्षानुवर्षं चालतं. पण ९,००० मध्ये ते घेतलंस तर सोल्डर, फ्लक्स (ऑक्साइड काढून सोल्डर धरायला लावणारा पदार्थ), बिटं, चिमटे, अर्थिंग यांना पैसे उरणार नाहीत. चांगलं स्टेशन आणि कचरा सोल्डर यातून कचरा जोडच निघतो. धंदा बसल्यावर, रोज आठ-दहा बोर्ड हातून जायला लागले की ते घे. तोवर चांगल्या नकलेनं तुझं काम अडणार नाही.

दुकानदाराचं हॉट एअरचं मशीन आत्ता नको. तू लिहिलेल्या कामांची यादी मी दोनदा वाचली. इंडक्शनचे आयजीबीटी आणि इन्व्हर्टरचे मॉस्फेट (दोन्ही मोठा करंट चालू-बंद करणारे पार्ट), चार्जरचे फुगलेले कपॅसिटर, ही सगळी पायांची कामं, आणि ती बिटानं होतात. आठ पायांचा एसएमडी (भोकाविना, पॅडवरच बसणारा) आयसीसुद्धा हॉट एअरशिवाय निघतो. दोन्ही बाजूंच्या पायांवर भरपूर शिशाचं सोल्डर चढवायचं, मोठं बिट या बाजूनं त्या बाजूला फिरवत राहायचं, आयसी आपसूक सरकतो. हॉट एअर शिकायला वेळ लागतो. हवेच्या झोतात शेजारचे प्लास्टिकचे कनेक्टर वितळतात, बारीक पार्ट उडून जातात. आणि तुझ्या खोलीला लागून पिठाची गिरणी आहे. पिठाचा बारीक धुरळा हवेत दाट झाला तर तो पेट घेतो. तिथं ४०० अंशांचा झोत मला नको आहे. मोबाइलची कामं घ्यायचं ठरवलंस तर हॉट एअर लागेलच. तेव्हा वेगळं मशीन घे, आणि मधल्या भिंतीचं दार-खिडकी नीट बंद होईल अशी व्यवस्था कर. एकत्र मशीनमध्ये एक भाग बिघडला की दोन्ही दुरुस्तीला जातात, तेही लक्षात ठेव.

बिटांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण नवीन मुलं इथंच फसतात. स्टेशनबरोबर बहुतेक वेळा सुईसारखं टोकदार बिट येतं. दिसायला ते नाजूक कामाचं वाटतं, म्हणून सगळे तेच वापरतात. पण त्याचं टोक पॅडला एका ठिपक्याएवढंच टेकतं. उष्णता जाणार कुठून? मग माणूस आकडा ४२० करतो, बिट जळतं, पॅड उखडतं. तू सपाट पटाशीसारखं २.४ मिलिमीटरचं बिट घे. टी१२ मध्ये ते डी२४ नावानं मिळतं, आणि तुझं बहुतेक काम त्यावर होईल. दुसरं सुरीच्या आकाराचं, के नावाचं. त्याच्या धारेनं आयसीचे पाय ओळीनं ओढत सोल्डर करता येतात आणि सपाट बाजूनं मोठे जोड सुटतात. तिसरं ५.२ मिलिमीटरचं डी५२, इन्व्हर्टर आणि आयजीबीटीसाठी. सुई डब्यात राहू दे.

मामा रोज सकाळी बिट कानशीनं घासत असतील. मीही घासायचो. त्या वेळची बिटं नुसत्या तांब्याची होती. वितळलेलं कथील तांब्याला हळूहळू खातं, टोकाला खड्डे पडतात, म्हणून ते घासून सपाट करावं लागायचं. आताच्या बिटात आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो मुलामा तांब्याला वाचवतो. कानस किंवा पॉलिश पेपर एकदा जरी लावलास तरी मुलामा जातो आणि बिट दोन-चार दिवसांत संपतं.

गावात कल्हईवाला यायचा ते तू पाहिलं असशील की नाही, कोण जाणे. आईला विचार. तो भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचा. पितळेचं भांडं आतून चांदीसारखं लख्ख. नवसागरानं वरचा मळ-ऑक्साइड काढला, म्हणून कथील धरलं. बिटाला रोज हीच कल्हई लागते. काम संपलं की बिट पुसून चकचकीत ठेवू नको, उलट त्यावर सोल्डरचा जाड थेंब चढव आणि मगच बटण बंद कर. सकाळी तापल्यावर तो थेंब झटक. मधल्या वेळात पितळेच्या तारांच्या गुंडाळीत बिट खुपसून पूस. ओला स्पंजही चालतो, फक्त तो पिळून घे. तुमच्या भागातलं बोअरचं पाणी क्षाराचं असलं तर त्याचा पांढरा थर बिटावर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटर आणतेस ना, त्यातलंच दोन चमचे स्पंजला घाल. आणि हात रिकामा झाला की तापमान २०० वर आणायची किंवा स्टेशन झोपवायची सवय लाव. बहुतेक टी१२ स्टेशनांत ते आपोआप होतं.

सोल्डर वायर घेताना वजनावर जाऊ नको. ६०/४० किंवा ६३/३७ असं छापलेली, आत फ्लक्स असलेली, नावाजलेल्या कंपनीची घे. बारीक कामाला २२ गेज, म्हणजे ०.७ मिलिमीटर, आणि मोठ्याला १८ गेज. सुटी, नाव नसलेली स्वस्त वायर घेतलीस तर त्यात कथील कमी निघण्याची भीती असते. ओळखायचं कसं? थेंब वितळवून गार होऊ दे. चांगल्या मिश्रणाचा थेंब पटकन गोठतो आणि चमकतो. कथील कमी असलं तर तो बराच वेळ खिरीसारखा मऊ राहतो आणि राखाडी, खरबरीत दिसतो. त्या मऊ असण्याच्या वेळात पार्ट हलला की ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, झालंच म्हणून समज.

जुना जोड सोडवताना त्यावर आधी नवं शिशाचं सोल्डर आणि थोडा फ्लक्स दे. बिनशिशाच्या जोडात शिसे मिसळलं की तो कमी तापमानाला सुटतो. हा एक उपाय आधीच केला असतास तर कदाचित ती प्रिंटही वाचली असती. फ्लक्स राळेचा घे. पत्रा-पाइप जोडायच्या आम्लाच्या पेस्टला बोर्डाजवळ फिरकू देऊ नको. जोड आज छान दिसतो, आणि पावसाळ्यानंतर पाय हिरवे होऊन गळतात. वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायला सकर एक बरा आणि ते टिपून घ्यायला तांब्याच्या जाळीची विक एक गुंडाळी. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि जुना टूथब्रश. इतकं पुरे.

एलईडी बल्बची प्लेट ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर बिटाची उष्णता टेकताक्षणी पसरून जाते. तिथं छोटी हीटिंग प्लेटच घे, बिटाशी झुंजत बसू नको.

आता अर्थिंग. दुकानदार हे कधीच सांगणार नाही. बिटाचं धातूचं टोक तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेला आतून जोडलेलं असायला हवं. नसेल तर काय होतं? एसएमपीएसमध्ये गाळणीचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडी गळती टोकापर्यंत येते. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारं आयर्न हाताला झिणझिण्या देतं ते यामुळेच. माणसाला त्यानं फार काही होत नाही. पण मॉस्फेटचं गेट बहुतेक वेळा २० व्होल्टपर्यंतच सहन करतं. तू नवा मॉस्फेट बसवतेस, बसवतानाच तो मरतो, आणि तू कंपनीच्या मालाला दोष देतेस. स्टेशन घेताना मीटर ओहमवर ठेवून एक टोक बिटाला आणि एक प्लगच्या अर्थ पिनेला लाव. एक-दोन ओहम आले पाहिजेत. काहीच दाखवत नसेल तर ते मशीन घेऊ नको, कितीही सूट मिळू दे. घरी मीटरजवळच्या अर्थिंगची तार कुठं जाते तेही बघ. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पंधरा वर्षं झाली असतील आणि तार गंजून तुटली असेल, तर त्या तीन पिनांना काही अर्थ नाही. गावातल्या वायरमनकडून ते आधी करून घे. नऊ हजारांतले हजार तिथं गेले तरी चालतील. गिरणीच्या मोटरलाही त्याचा उपयोग आहे.

आणि प्लगला लावलेल्या बोर्डावर कधीही बिट टेकवू नको. अर्थ असलेलं बिट आणि चालू बोर्ड म्हणजे सरळ शॉर्ट. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसून असू शकतात. जुना पिवळा बल्ब होल्डरमध्ये लावून त्याच्या दोन तारा कपॅसिटरला टेकव, मग मीटरनं खात्री कर, मगच हात घाल. मायक्रोवेव्ह आले तर सध्या परत पाठव. त्याच्या कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या वर असतात, आणि ते काम शेजारी जाणकार माणूस उभा असतानाच शिकायचं असतं.

सगळ्यात जास्त काळजी मला ज्याची वाटते ते आता लिहितो. तुझ्या भिंतीपलीकडे लोकांच्या जेवणातलं पीठ दळलं जातं. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, त्यामुळे धुरात शिसे आहे ही भीती नको. धूर राळेचा असतो, आणि तो रोज छातीत गेला तर दमा लागू शकतो. एक छोटा पंखा धूर तुझ्यापासून दूर, खिडकीबाहेर ओढेल असा लाव. शिसे पोटात जातं ते हातांवाटे. सकर दाबला की बारीक कण उडतात, ते टेबलावर, ओढणीवर, बोटांवर बसतात. तू उठून आईला दोन मिनिटं मदत करायला गेलीस, पिठाच्या डब्यात हात घातलास, की ते तिथं पोचले. लहान मुलांना थोडंसं शिसेसुद्धा मेंदूला अपाय करतं, आणि ते पीठ कुणाच्या घरी जाणार आहे हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून खोलीत काम करताना वेगळा जुना शर्ट घाल आणि तो तिथंच टांगून ठेव. टेबलावर ट्रे ठेव, सकर त्यातच रिकामा कर, तो कचरा झाकणाच्या डब्यात साठव. टेबल कोरड्या झाडूनं झाडू नको, ओल्या फडक्यानं पूस. गिरणीत पाऊल टाकण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धू. हे मी तुला विनंती म्हणून सांगत नाही, ही अट आहे. जमणार नसेल तर दुकान दुसऱ्या जागी लाव.

मामांचं आयर्न टाकून देऊ नको. इन्व्हर्टरच्या वायरींना, फवारणी पंपाच्या मोटरच्या तारांना ते अजून उत्तम आहे. आणि त्यांना शेजारी बसव. दोष कुठं आहे हे नुसतं बोर्ड पाहून ओळखायची जी नजर शेकडो टीव्हींनी त्यांना दिली, ती कोणत्याही स्टेशनबरोबर मिळत नाही.

५०० रुपये बुडाले असं समजू नको. त्याच दुकानात जा, हॉट एअरऐवजी टी१२ स्टेशन दाखवा म्हण, आणि ते पैसे त्यात धरायला सांग. जाताना मीटर आणि ६३/३७ ची वायर पिशवीत ठेव. आधी अर्थ पिनेची तपासणी. मग स्टेशन १७० ला लाव, बिटावर वायर टेकवून धर आणि पाच-पाच अंशांनी चढत जा. सोल्डर ज्या आकड्याला वितळेल तो १८३ पासून किती लांब आहे ते बघ. दहा-पंधराचा फरक असेल तर कागदावर लिहून स्टेशनला चिकटव आणि घे. चाळीस-पन्नासचा असेल तर दुसरा नग काढायला सांग. दुकानदार कुरकुर करेल. करू दे, तुझे पैसे आहेत. घरी आणल्यावर पहिला आठवडा भंगारातल्या बोर्डांवर घालव. रोज वीस पार्ट काढ आणि वीस परत बसव, एकही पॅड न उखडता. जमायला लागलं की त्या इंडक्शनवाल्याला बोलव आणि त्याचं काम आधी कर.